आठव्या रकान्यातलं पाणी

"रविवारी संध्याकाळपर्यंत या गावातला पाण्याचा एक थेंबसुद्धा नकाशाबाहेर राहणार नाही!"

चष्मेवाल्यानं ही घोषणा केली तेव्हा त्याच्या एका हातात हेडमास्तरांचा चष्मा होता आणि दुसऱ्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. त्याच क्षणी चष्म्याचा स्क्रू उडाला आणि काउंटरखाली गेला. हेडमास्तर म्हणाले, "आधी माझा स्क्रू शोध. गावाचं पाणी नंतर बघू."

पण चष्मेवाला आता स्क्रूसारख्या किरकोळ गोष्टीत रमणारा राहिला नव्हता. दुकानात तो लोकांना जवळचं दाखवायचा, जीव मात्र सगळा लांबच्या कामात. इंटरनेटवर एक नकाशा आहे. तो कुठल्या कंपनीचा नाही की कुठल्या सरकारचा नाही. जगभरची हौशी मंडळी तो मिळून काढतात. ज्याला आपली गल्ली माहीत आहे त्यानं गल्ली काढावी, ज्याला झाड माहीत आहे त्यानं झाड लावावं. पगार नाही, मानधन नाही, शाबासकीसुद्धा क्वचित. असल्या कामाला चष्मेवाल्यासारखा माणूस चिकटला नसता तरच नवल! त्यानं गावातली सगळी बाकं नकाशात आणली होती, दिव्याचे सगळे खांब आणले होते. बायकोनं बाजारात काही आणायला पाठवलं की तो रिकाम्या हातांनी परत यायचा आणि वर सांगायचा, "अगं, पोस्टाच्या पेटीची जागा जरा चुकली होती. दुरुस्त करून आलो!"

बायकोचं पाळणाघर होतं. घरमालकीणबाईंच्या तळमजल्यावरची पुढची मोठी खोली पाळणाघराची आणि मागच्या दोन खोल्या या दोघांच्या संसाराच्या. ती पुढची खोली तिनं स्वतःच्या हातांनी उभी केली होती. भिंतीवर प्राणी रंगवले होते, तेही फक्त गुडघ्याच्या उंचीपर्यंत, कारण बघणारी मंडळी तेवढीच होती. मुलं सकाळी आईला सोडायचं म्हणून रडत यायची आणि संध्याकाळी आईबरोबर जायचं म्हणून रडत जायची. गावात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुणाकडे नव्हतं.

आता जागेचा करार महिनाअखेर संपत होता. घरमालकीणबाईंच्या भाच्याला त्याच खोलीत व्यायामशाळा काढायची होती, आणि तो रोज येऊन मावशीशी गोडगोड बोलून जात होता. बाई अजून हो म्हणाल्या नव्हत्या की नाही म्हणाल्या नव्हत्या. त्यांना जाऊन विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण बाईंचं उत्तर ऐकण्यापेक्षा काळजी करत बसणं लोकांना सोपं वाटायचं. पाळणाघरवाली दिवसभर मुलांना झोके द्यायची आणि मुलं झोपली की भिंतीवरच्या जिराफाकडे बघून तिचे डोळे भरून यायचे. दुसरी जागा परवडणारी नव्हती. ही गेली की पाळणाघरच जाणार होतं.

चष्मेवाल्याला बायकोचे भरलेले डोळे दिसले होते. माणूस नकाशावेडा होता, निर्दय नव्हता. म्हणून त्यानं युक्ती काढली.

बाईंचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता, मागच्या अंगणातल्या विहिरीत. दगडी कठड्याची, रहाटाची, उन्हाळ्यातही न आटणारी विहीर. मागे एकदा चष्मेवाल्यानं त्यांना मोठ्या हौसेनं गावाचा नकाशा दाखवला होता. बाईंनी सगळी बाकं बघितली, खांब बघितले आणि विचारलं, "माझी विहीर कुठाय?"

"ती नाहीये अजून."

"मग मला दाखवतोस काय? खांब?"

तेव्हा हिशेब सरळ होता. विहीर नकाशात आली की बाई खूश, बाई खूश झाल्या की करार आपला!

"मग टाका ना विहीर," बायको म्हणाली. "एक टिंबच तर काढायचंय."

"एक टिंब! अगं, सरकारच्या पाणी खात्यानं सगळी माहिती लोकांसाठी फुकट खुली केलीय. विहिरी, तळी, ओढे, हौद, टाक्या! मी सगळंच्या सगळं आयात करतो. आपलं काम घाऊक!"

"आपल्याला एकच विहीर हवीय हो."

"एक विहीर काय, कुणीही टाकेल."

"कुणीही टाकेल म्हणूनच म्हणतेय. तुम्हालाही जमेल." मग तिला काहीतरी आठवलं. "अहो, पण पाणी खातं म्हणजे तेच ना, जिथे लग्नाआधी मी काही महिने..."

"नंतर सांग! डाउनलोड चालू आहे!"

लग्नाआधी बायको कुठल्याशा खात्यात तात्पुरत्या नोकरीवर काहीतरी मोजत हिंडायची, एवढं त्याला माहीत होतं. काय मोजायची, हे विचारायचं इतकी वर्षं राहूनच गेलं होतं. आज तर वेळच नव्हता. फाईल उतरत होती.

फाईल उतरली आणि चष्मेवाल्याची छाती फुगली. रकानेच रकाने! पहिल्यात क्रमांक, मग अक्षांश, रेखांश, मग विहीर की तळं ते सांगणारे आकडे. आठव्या रकान्याला मात्र शीर्षकच नव्हतं. त्यानं वरच्या काही ओळी वाचल्या. 'शाळेमागची विहीर'. 'मोठं तळं'. 'दगडी हौद'. म्हणजे नावं! त्यानं कॉम्प्युटरला सांगून टाकलं की आठव्या रकान्यात जे असेल ते नाव म्हणून नकाशावर चढव. खाली हजारो ओळी होत्या. त्या कोण वाचत बसतो?

नकाशावर एक बुजुर्ग होते. प्रत्यक्षात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, तिथलं त्यांचं टोपणनाव 'बगळा'. दुसऱ्यांच्या कामावर तासन्‌तास निश्चल उभं राहायचं आणि चूक हलली की पटकन टिपायची, असा त्यांचा दिनक्रम. त्यांनी लगेच विचारलं, "आठवा रकाना शेवटपर्यंत वाचलात का?"

"नमुन्यादाखल वाचला," चष्मेवाल्यानं लिहिलं.

"नमुना केवढा?"

"पुरेसा."

"नियम आपल्याला माहीत आहे. आधी चर्चा, मग एका गल्लीपुरतं काम, ते सगळ्यांनी तपासायचं आणि मग पुढचं. सोमवारपर्यंत थांबावे."

पण सोमवारपर्यंत कसं थांबणार? चष्मेवाल्यानं रविवारी संध्याकाळी बाईंच्या दिवाणखान्यात, बाईंच्याच मोठ्या टीव्हीवर, अख्ख्या गल्लीला नकाशा दाखवण्याचा कार्यक्रम ठरवला होता. बाई म्हणाल्या होत्या, "चपला बाहेर काढणार असतील तर येऊ देत." म्हणजे परवानगी! तेव्हा त्यानं बगळ्याला 'हो हो' असं लिहिलं आणि रविवारी सकाळी, बायको कपडे वाळत घालत असताना, बटण दाबलं.

आणि काय सांगावं! गावभर निळे ठिपके उमलले. कोरड्याठाक नकाशाला पाझर फुटला. चष्मेवाला खोलीत एकटाच नाचला, पाळणाघरातल्या छोट्या घसरगुंडीला पाय लागून पडला आणि पडल्या पडल्या हसला. आता या नकाशाचं असं असतं की लांबून नुसते ठिपके दिसतात, नावं वाचायची तर जवळ जावं लागतं. जन्मभर लोकांना जवळचं दाखवणाऱ्या या माणसाला त्या दिवशी जवळ जाऊन बघायचं काही सुचलं नाही.

संध्याकाळी दिवाणखाना भरला. हेडमास्तर पहिल्या खुर्चीत, चष्म्याच्या काडीला स्क्रूऐवजी दोरा बांधून. दंतवैद्य आणि त्यांची बायको. कोपऱ्यावरचा शिंपी. मधल्या आरामखुर्चीत घरमालकीणबाई, आणि त्यांच्या पाठीशी उशी सरकवत भाचा. पाळणाघरवाली आत बाईंच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा करत होती. चष्मेवाल्यानं फोन टीव्हीला जोडला आणि घसा साफ केला.

"मंडळी! आजपर्यंत आपलं गाव जगाच्या दृष्टीनं तहानलेलं होतं!"

"मुद्द्यावर ये," बाई म्हणाल्या.

त्यानं नकाशा उघडला. निळे ठिपके बघून टाळ्या पडल्या. शिंप्यानं तर शिट्टी वाजवली. चष्मेवाला म्हणाला, "काकू, आता तुमची विहीर..."

"माझी शेवटी," बाई म्हणाल्या. "आधी बाकीच्यांची डबकी दाखव."

"आमची टाकी दाखवा!" दंतवैद्य उठले. "बागेतली, मोठी!"

चष्मेवाल्यानं दोन बोटांनी नकाशा मोठा केला. दंतवैद्यांचं घर आलं, बाग आली, टाकीचा निळा गोल आला आणि गोलावर ठसठशीत अक्षरांत नाव आलं:

'कुत्रा आहे. मालक म्हणतात चावत नाही. चावला.'

दंतवैद्य टीव्हीपर्यंत चालत गेले.

"हे काय?" दंतवैद्य म्हणाले.

"हे... सरकारी नाव आहे," चष्मेवाला म्हणाला.

"आमचा कुत्रा कुणाला चावणं शक्यच नाही!"

"मी सांगत होते," त्यांची बायको म्हणाली, "बांधून ठेवा म्हणून!"

आत स्वयंपाकघरात काहीतरी धातूचं खाली पडल्याचा आवाज आला. चष्मेवाल्यानं घाईघाईनं नकाशा बाजूला सरकवला. सरकवला तो नेमका हेडमास्तरांच्या अंगणात.

'बोअरवेल. खोली विचारली. उत्तराऐवजी तासभर भूगोल.'

"तासभर नव्हता!" हेडमास्तर गरजले. "फार तर अर्धा तास! आणि भूजल समजायचं तर आधी खडक समजायला नकोत का? आता खडकांचे मुख्य प्रकार..."

"सरकारनं बरोबर ओळखलंय की!" शिंपी मांडीवर थाप मारून हसला. "आमचा हौद दाखवा हो, आमचा!"

न दाखवून चष्मेवाला काय करणार? सगळे ओरडत होते. बोट घसरलं. शिंप्याचा हौद आला.

'हौदात पाणी नाही. गिऱ्हाइकांची न शिवलेली कापडं आहेत.'

शिंप्याचं हसणं तोंडातल्या तोंडात विरलं. दंतवैद्यांची बायको सावकाश उभी राहिली. "माझं निळं रेशमी कापड हरवलं म्हणून तुम्ही रडला होतात माझ्यासमोर!"

"वहिनी, ते खरंच..."

"डोळे पुसायला मी माझा रुमाल दिला होता तुम्हाला!"

"तो आहे अजून," शिंपी खालमानेनं म्हणाला. "त्याच हौदात."

एकच गलका झाला. दंतवैद्य शिंप्यावर ओरडत होते, हेडमास्तर खडकांवर बोलत होते, भाचा पोट धरून हसत होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून एक हात आला आणि त्यानं चष्मेवाल्याची बाही धरून त्याला आत ओढून घेतलं. फोन टीव्हीपाशीच राहिला. "मी फिरवतो नकाशा!" भाचा म्हणाला.

आत पाळणाघरवालीचा चेहरा पीठ लावल्यासारखा पांढरा पडला होता.

"अहो, बंद करा ते! ते मी लिहिलंय!"

"काय?"

"ते सगळं मीच लिहिलंय! मी सांगत होते तुम्हाला, पाणी खात्यात मी विहिरी-टाक्या मोजत हिंडायचे. तुम्ही म्हणालात, डाउनलोड चालू आहे!"

"पण नाव म्हणून असलं कुणी लिहितं का?"

"टाकीला काय नाव असतं? तुम्ही सांगा! साहेब म्हणायचे, एकही रकाना रिकामा दिसता कामा नये, नाहीतर सगळं परत भरायला लावीन. मग मी जे समोर दिसलं ते लिहायला लागले. दिवसभर उन्हात एकटी फिरायचे मी. तेवढीच गंमत. मला काय माहीत कुणी ते कधी वाचेल म्हणून! साहेबांनी तर नाही वाचलं."

"म्हणजे तो कुत्रा..."

"मला चावला. पोटरीला."

"तो व्रण? तू तर म्हणालीस सायकलवरून..."

"मी कुत्रा म्हणाले होते. सायकल तुम्हीच ठरवलंत. बाकं काढत होतात तेव्हा."

चष्मेवाल्याला एकदम घाम फुटला. "आणि काकूंची विहीर? तीपण तूच मोजलीस?"

तिनं मान हलवली.

"काय लिहिलंस?"

तिनं डोळे मिटून सांगितलं. ते ऐकून चष्मेवाला गॅसच्या ओट्याला टेकला. मग सावरला. माणूस संकटात पडला की त्याला आपली विद्या आठवते. "काळजी करू नकोस! नकाशा सगळ्यांचा असतो. कुणीही दुरुस्ती करू शकतं. आत्ता पुसतो. तुझा फोन दे!"

बायकोच्या फोनवर नकाशाचं खातं नव्हतं. म्हणजे नवं उघडणं आलं. टोपणनाव काय? 'पाळणाघर'. पासवर्ड? फारच सोपा आहे, बदला. बदलला. एक अक्षर मोठं हवं. केलं. आता एक आकडा हवा. बाहेरून भाच्याचा आवाज, "चला, आता कुणाची?" आपण यंत्र नाही आहात हे सिद्ध करण्यासाठी पुढील चित्रांतले जिने ओळखा. चष्मेवाल्यानं जिने ओळखले, एक शिडी चुकली, पुन्हा ओळखले. शेवटी एकदाची विहीर सापडली. त्यानं नाव पुसलं, बटण दाबलं आणि बायकोकडे विजयी मुद्रेनं बघितलं. तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं.

"गेलं?"

"गेलं! नावनिशाणी नाही राहिली. तू चहा घेऊन ये."

तो ताठ मानेनं बाहेर आला. मागोमाग ती चहाचा ट्रे घेऊन आली, हसतमुखानं. बाई आरामखुर्चीत सरळ झाल्या. "आता माझी विहीर."

"अवश्य, काकू! गावातली सगळ्यात सुंदर विहीर! असल्या वेड्यावाकड्या नावांचा तिथे प्रश्नच नाही."

नेमका त्याच वेळी पाळणाघरवालीचा फोन त्याच्या खिशात थरथरला. त्यानं चोरून बघितलं. बगळा!

'नमस्कार, नवीन सदस्य पाळणाघर. नकाशावर आपले मनःपूर्वक स्वागत! आपण एका विहिरीचे सरकारी नोंदीतले नाव कारण न देता पुसल्याचे आढळले. ते पूर्ववत केले आहे. नवशिक्यांसाठी सरावाची वेगळी जागा आहे. तिथे मनसोक्त खेळावे. शुभेच्छा!'

"थांबा!" चष्मेवाला ओरडला. पण भाच्याची बोटं कधीच फाकली होती. घर आलं, मागचं अंगण आलं, विहिरीचा निळा ठिपका आला, आणि अख्ख्या टीव्हीभर अक्षरं आली:

'पाणी गोड. बाई कडू.'

कुणीच हललं नाही. शिंप्याला ठसका लागत होता, पण त्यालाही खोकायचं धैर्य झालं नाही. हेडमास्तरांचे खडकसुद्धा थांबले. भाच्यानं मात्र पटकन संधी साधली. "शी! माझ्या मावशीला कडू? अहो, मावशी म्हणजे नुसती साखर! ज्या माणसानं जगभर ही बदनामी केली त्याला आपण घरात ठेवायचं? मावशी, तुम्ही फक्त सांगा. उद्याच खोली रिकामी करायला लावतो!"

बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या टीव्हीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "कुणी लिहिलं हे?"

चष्मेवाल्यानं बायकोकडे बघितलं. ट्रेमधले कप किणकिणत होते. आयुष्यात पहिल्यांदाच नकाशा सोडून दुसऱ्या कशासाठी तरी त्यानं छाती पुढे काढली. "मी लिहिलं, काकू."

"तू?" बाई म्हणाल्या. "तू नाही. तुला दोन शब्दांत काही सांगताच येत नाही. मघाशी टीव्ही सुरू करायला तू भाषण केलंस."

हा अपमान होता, पण पुरावा इतका भक्कम होता की चष्मेवाला खाली बसला.

पाळणाघरवालीनं ट्रे टेबलावर ठेवला. "मी लिहिलं, काकू. लग्नाआधी. तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हते."

"आता ओळखतेस. आता काय लिहिशील?"

हा प्रश्न ऐकून चष्मेवाल्यानं डोळे घट्ट मिटले. बायको खोटं बोलली तर वाचेल आणि तिला खोटं बोलता येत नाही, हे तो जाणून होता.

"तेच लिहीन," ती म्हणाली. "भर उन्हात आले होते मी. घोटभर पाणी मागितलं तर तुम्ही म्हणालात, विहीर मोजायला आलीस ना, मग मोज आणि चालू लाग. तुम्ही आत गेलात तशी मी बादली सोडली आणि ओंजळीनं प्यायले. चोरून प्यायले. इतकं गोड पाणी मी कुठे प्यायले नव्हते, म्हणून तसं लिहिलं. आणि... दुसरंपण खरंच होतं. मला फार वाईट वाटलं होतं काकू तेव्हा."

बाईंनी भाच्याकडे मान वळवली. "साखर काय रे?"

"मावशी, अगदी मनापासून..."

"माझ्या नवऱ्यानं मला कधी साखर म्हटलं नाही. चांगला माणूस होता, आंधळा नव्हता. तू महिनाभर म्हणतोयस. व्यायामशाळा दुसरीकडे बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे पाळणाघर राहील. माझ्या घरात कुणीतरी खरं बोलणारं असू दे." आणि पाळणाघरवालीकडे न बघता म्हणाल्या, "सकाळी ये सहीला. आणि रडू नकोस, चहात पडेल."

पाळणाघरवाली रडलीच. चहात पडलंसुद्धा. तो कप शिंप्याच्या वाट्याला आला आणि त्यानं तक्रार न करता तो संपवला, कारण आज तक्रार करायची त्याची परिस्थितीच नव्हती.

चष्मेवाला उत्साहानं उसळला. "काकू, ते नाव मी लगेच पुसून टाकतो! आत्ताच्या आत्ता!"

"हात लावू नकोस!" बाई कडाडल्या. "माझ्या विहिरीचं पाणी गोड आहे हे सरकारच्या दप्तरी लागलंय. अर्ध्या वाक्यासाठी अख्खं वाक्य घालवतोस काय?"

सोमवारी नकाशावर जी चर्चा व्हायची ती झाली. बगळ्यानं आठवा रकाना शेवटपर्यंत वाचला आणि चष्मेवाल्याला एवढा मोठा निरोप धाडला की तो वाचायला चष्मेवाल्याला दुकानातला जाड भिंगाचा चष्मा घ्यावा लागला. सारांश असा की घाऊक कामाची त्याची परवानगी रद्द. कुत्रे, भूगोल, कापडं वगैरे सगळी नावं त्यानं स्वतःच्या हातानं, एकेक करून, किरकोळीत पुसायची. चष्मेवाला पुसत बसला. मात्र एका विहिरीचं नाव काही तो पुसेना. बगळ्यानं खडसावलं, "जागेवर तशी पाटी असेल तरच ते नाव धरलं जाईल. पाटी नसेल तर तो नुसता शेरा."

चष्मेवाल्यानं हे भीतभीत बाईंना सांगितलं. बाईंनी रंगाऱ्याला बोलावलं. दोन दिवसांत विहिरीच्या कठड्यावर पाटी लागली, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत. रंगाऱ्यानं दुसऱ्या भागाची अक्षरं जरा बारीक काढली होती. बाईंनी ती मोठी करून घेतली.

चष्मेवाल्यानं पाटीचा फोटो चढवला. बगळ्याचा विश्वास बसला नाही.

एका दुपारी मुलं झोपली होती. पाळणाघरवाली एका हातानं झोका देत होती आणि दुसऱ्या हातानं जिराफाचा उडालेला रंग भरत होती. मागच्या अंगणात बोलण्याचा आवाज आला म्हणून तिनं खिडकीतून बघितलं. लांब मानेचा, उन्हानं लालबुंद झालेला एक म्हातारा फोन समोर धरून कठड्याभोवती फिरत होता, आणि बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"कोण तुम्ही? काय टिपताय?"

"नकाशासाठी पाहणी, बाई. जरा पाणी मिळेल का प्यायला? बसथांब्यापासून चालत आलोय."

"चालत कशाला आलात? टोपी घालता येत नाही? या वयात एवढी अक्कल नाही? चपला काढा आधी! कठड्याला टेकू नका! ओंजळ नीट धरा, सांडू नका, हे काय रस्त्यावरचं पाणी नाही!"

आणि बादली ओढून, तोंडाचा पट्टा जराही न थांबवता, बाईंनी त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो प्यायला. मग पुन्हा ओंजळ पुढे केली. बाईंनी बोलणी वाढवली आणि पाणीही.

पाळणाघरवाली तोंडावर पदर धरून हसली. झोक्यातलं मूल उठू नये म्हणून हसू आवरायचा तिनं फार प्रयत्न केला.

संध्याकाळी दुकानात चष्मेवाल्याचा फोन वाजला. विहिरीच्या नोंदीखाली बगळ्यानं एक ओळ लिहिली होती. त्यांच्या आजवरच्या निरोपांत ती सगळ्यात छोटी होती:

'प्रत्यक्ष जाऊन खात्री केली. दोन्ही बाबी बरोबर आहेत.'